स्वप्न पाहणारें बेट

श्रोतेहो, इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तह यांचीच आठवण आपणांस प्रथम होते. परंतु लक्षावधि मुलांच्या हातांत जी वस्तु वर्षानुवर्षें खेळली, तिलाही इतिहास असतो. आणि घरांतील वडील मंडळींनीं तो जाणून घ्यावा, असें मला वाटतें. आज मी अशाच एका खेळाविषयीं बोलणार आहें. तो जपानांत १९९३ सालच्या जून महिन्यांत प्रसिद्ध झाला. त्याच्या जपानी नांवाचा अर्थ 'झेल्डाची आख्यायिका : स्वप्न पाहणारें बेट' असा होतो, इतर देशांत तो 'लिंक्स अवेकनिंग' या नांवानें ओळखला जातो.

प्रथम ज्या यंत्रावर तो चाले, त्याची ओळख करून घेऊं. निंटेंडो ही पेढी क्योटो शहरांत १८८९ सालीं निघाली, ती फुलांचीं चित्रें असलेले पत्ते तयार करण्यासाठीं. बरोबर शंभर वर्षांनीं, १९८९ सालीं, तिनें 'गेम बॉय' हें हातांत मावणारें यंत्र विक्रीस आणलें. तें गुनपेई योकोई यांच्या विभागानें घडविलें होतें. नव्या व महागड्या तंत्राच्या मागें न धांवतां, जुनें, स्वस्त आणि कसास उतरलेलें तंत्र नव्या कल्पनेनें वापरावें, असें योकोई यांचें मत होतें. म्हणून या यंत्राच्या पडद्यास रंग नव्हते कीं आंतला उजेड नव्हता. आडवे १६० व उभे १४४ ठिपके आणि हिरवट चार छटा, एवढेंच त्याचें भांडवल. प्रतिस्पर्ध्यांचीं रंगीत यंत्रें सहा बॅटऱ्या थोड्या तासांत संपवीत. हें मात्र चार बॅटऱ्यांवर दहा तासांहून अधिक चाले. पुढील रंगीत आवृत्ति धरून अशीं ११ कोटींहून अधिक यंत्रें खपलीं.

झेल्डाच्या मालिकेंतील पहिला खेळ १९८६ सालचा. तो व त्याच्या मागून आलेले खेळ दूरचित्रवाणी संचास जोडून खेळावयाचे होते. तसा खेळ गेम बॉयच्या चिमुकल्या पडद्यावर उतरेल काय, हें पाहण्याची हौस काझुआकी मोरिता यांस झाली, आणि कचेरीचें काम आटोपल्यावर ते त्यावर प्रयोग करूं लागले. हळूहळू सहकारी जमले. शाळा सुटल्यावर मुलांचें एखादें मंडळ भरावें, तसा तो प्रकार होता. पुढें दिग्दर्शन ताकाशी तेझुका यांनीं केलें. त्या काळीं गाजलेल्या 'ट्विन पीक्स' या अमेरिकन मालिकेवरून त्यांनीं एक धडा घेतला : गांव लहान असावें, माणसें थोडीं असावींत, पण प्रत्येकाविषयीं मनांत कांहीं कुतूहल, कांहीं संशय राहावा.

कथा अशी आहे. लिंक नांवाच्या तरुणाचें गलबत वादळांत फुटतें आणि तो कोहोलिंट बेटाच्या किनाऱ्यास लागतो. मॅरिन नांवाची मुलगी त्यास घरीं आणते. बेटाच्या डोंगरमाथ्यावर एक प्रचंड अंडें आहे. त्यांत 'वायुमत्स्य' निजला आहे. आठ भुयारांतून आठ वाद्यें मिळवून तीं वाजविलीं, तर तो जागा होईल आणि लिंकला बेट सोडून जातां येईल.

हीं भुयारें म्हणजे बुद्धीचीं कोडींच होत. प्रत्येकांत एक नवें साधन दडलेलें असतें, आणि तें हातीं आल्यावांचून पुढची वाट उघडत नाहीं. यंत्रास कळा दोनच. तेव्हां कोणतें साधन कोणत्या कळेवर ठेवावें, हें खेळणाऱ्यानें ठरवावयाचें, आणि प्रसंगीं तरवारही बाजूस ठेवावयाची! या अडचणींतूनच गंमत निघाली. पीस जवळ असलें कीं उडी मारतां येते; वेगाच्या पादत्राणांबरोबर तेंच वापरलें, तर मोठी दरी ओलांडतां येते. बेटावर वस्तूंच्या अदलाबदलीची एक लांब सांखळीही आहे. ती एका बाहुलीपासून सुरू होऊन अखेर भिंगापर्यंत पोंचते. आणि ग्रंथालयांतील बारीक अक्षरांचें जें पुस्तक वाचतां येत नव्हतें, तें त्या भिंगानें वाचलें कीं अंड्यांतील चकव्याची वाट कळते.

परंतु या खेळाचें खरें मर्म निराळेंच आहे. तुम्ही येथें केव्हांपासून राहतां, या प्रश्नानें गांवांतील मुलगा गोंधळून जातो. 'केव्हां' म्हणजे काय, हेंच त्यास उमगत नाहीं. पुढें एका जुन्या देवळांतील भिंतीवर सत्य कोरलेलें सांपडतें : हें बेट, हीं माणसें, हा समुद्र, सारें त्या निजलेल्या मत्स्याचें स्वप्न आहे. तो जागा झाला कीं सारें नाहींसें होईल! भुयारांतील राक्षसही हेंच बजावतात. त्यांची धडपड स्वतःच्या अस्तित्वासाठीं आहे. मग न्याय कोणाच्या बाजूस? ज्या मॅरिननें आसरा दिला, जिचें गाणें ऐकलें, तिला मिटवूनच खेळ जिंकावयाचा आहे. येथें विजय आणि वियोग एकाच पावलानें येतात.

जगत् स्वप्नवत् आहे, हा दृष्टान्त वेदान्ताच्या चर्चेंतून आपल्या कानांवर शतकानुशतकें आलेला आहे. त्याचा या खेळाशीं संबंध जोडण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु प्रवचनांत ऐकलेला दृष्टान्त आपण मान डोलावून घरीं घेऊन जातों. येथें तर दहा-बारा वर्षांच्या मुलास स्वतःच्या बोटानें कळ दाबून तें स्वप्न संपवावें लागतें. बेट विरून जातें, लिंक समुद्रांत एका ओंडक्यावर जागा होतो, आणि माथ्यावरून वायुमत्स्य उडत जातो. बेट नाहींसें झालें तरी त्याची आठवण उरेल, असें तो मत्स्य आधींच सांगून गेलेला असतो.

या खेळाची रंगीत आवृत्ति १९९८ सालीं निघाली, आणि २०१९ सालीं तो नव्या यंत्रासाठीं संपूर्ण नव्यानें घडविण्यांत आला. चित्रें पालटलीं, कथा तीच राहिली. तेव्हां श्रोतेहो, घरांतील मूल असा खेळ संपवून गप्प बसलेलें दिसलें, तर 'वेळ फुकट घालविलास' असें म्हणण्यापूर्वीं त्यास एवढेंच विचारावें, 'शेवटीं काय झालें?' त्याचें उत्तर ऐकण्यासारखें असेल, असा माझा विश्वास आहे.