वाइनचं व्हिनेगर कोण करतं?

उघडी राहिलेली वाइन आंबून तिचं व्हिनेगर होतं. पण हे घडवतं कोण?

१८२० च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ डोबरायनर यांनी दाखवलं, की प्लॅटिनमच्या काळ्या भुकटीवर अल्कोहोल आणि हवेतला ऑक्सिजन यांपासून ॲसिटिक आम्ल बनतं. तिथे जीवजंतू नाहीतच! म्हणून लीबिग म्हणत, ही निव्वळ रासायनिक क्रिया आहे. १८६४ मध्ये पाश्चर यांनी उलट मांडलं: वाइनवर धरणारी पातळ साय जिवंत सूक्ष्मजीवांची आहे आणि तीच ऑक्सिजन अल्कोहोलपर्यंत पोचवते.

लीबिग यांनी म्युनिकच्या एका व्हिनेगर कारखान्यातल्या, बीच लाकडाच्या ढलप्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. जीव दिसले नाहीत. पाश्चर म्हणाले, ढलप्या वाळवून पॅरिसला पाठवा, मी समितीसमोर दाखवतो. लीबिग यांनी हे आव्हान स्वीकारलं नाही.

गंमत म्हणजे प्लॅटिनमचा प्रयोग अचूकच होता. पण त्यातून एवढंच कळतं, की ही क्रिया जीवांशिवाय होऊ शकते. वाइनमध्ये ती तशीच होते, हे त्यातून सिद्ध होत नाही. आपला निष्कर्ष लिहिताना 'होऊ शकतं' आणि 'होतं' यांतलं हे अंतर एकदा तपासून बघा. लीबिगसारखा माणूसही तिथेच अडकला.