इंजिन नवे, पण ब्रेक कोणते?

मुंबई-ठाण्याच्या रस्त्यांवर अनेक दशके धावलेली काळी-पिवळी 'फियाट' आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाची आहे. कागदोपत्री तिचे नाव प्रीमियर पद्मिनी. २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. खाजगी मालकीच्या काही पद्मिनी मात्र हौसेने जपलेल्या आहेत. त्यांच्या मालकांपुढे एक प्रश्न कधी ना कधी येतोच: इंजिन थकले, सुटे भाग मिळेनासे झाले, तर त्या जागी आजचे जोमदार इंजिन का बसवू नये?

या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे आणि त्याचा एक धागा डोंबिवलीपर्यंत येतो. शिवाय नववी-दहावीत आपण शिकवतो त्या गतिज ऊर्जेच्या सूत्राशी त्याचा थेट संबंध आहे. म्हणून हा इतिहास शिक्षकांच्या कामाचा आहे असे आम्हांस वाटते.

अमेरिकेतील हौस

१९६४ साली अमेरिकेतील पॉन्टियॅक कंपनीने 'जीटीओ' ही गाडी आणली. कृती सोपी होती: मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे इंजिन बसवायचे. हे इंजिन सुमारे ६.४ लिटरचे, म्हणजे आपल्या पद्मिनीच्या इंजिनाच्या जवळजवळ सहापट होते आणि कंपनी त्याची शक्ती ३२५ अश्वशक्ती सांगत असे. अशा गाड्यांना पुढे 'मसल कार' हे नाव पडले. त्या पहिल्या जीटीओच्या चारही चाकांना ड्रम ब्रेकच होते. पळण्याची ताकद कितीतरी वाढली, थांबण्याची ताकद त्या प्रमाणात वाढली नाही.

आज तिकडे अशा जुन्या गाड्यांमध्ये नवे इंजिन बसवणे हा एक मोठा छंद झाला आहे. जनरल मोटर्सने १९९७ मध्ये आणलेल्या एलएस मालिकेतील इंजिने त्यासाठी विशेष लोकप्रिय आहेत. परंतु जाणकार मंडळी इंजिनाबरोबर ब्रेकही बदलतात. हा धडा त्यांना अनुभवाने शिकवला.

आपल्याकडील गरज

आपल्याकडे मात्र जुन्या अंगात नवे इंजिन ही हौस नव्हती. ते कारखान्यांचेच धोरण होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीचा कुर्ल्याला कारखाना होता. १९६४ मध्ये तेथे फियाट ११०० डिलाइट बनू लागली. पुढे १९७०च्या दशकात तिलाच पद्मिनी हे नाव मिळाले. १०८९ घ.सें.मी.चे, सुमारे ४० अश्वशक्तीचे इंजिन आणि तोच सांगाडा जवळजवळ २००० सालापर्यंत चालत राहिला.

याचे कारण आर्थिक होते. गाडीचा पत्रा दाबून घडवणारे साचे फार महाग असतात आणि हजारो गाड्या विकल्या तरच त्यांचा खर्च निघतो. परवाना पद्धती आणि आयातीवरील निर्बंध यांमुळे आपली बाजारपेठ लहान होती. त्यामुळे सांगाडा जुना ठेवायचा आणि इंजिन परदेशी सहकार्याने नवे आणायचे, हा मार्ग परवडणारा ठरला. हिंदुस्तान मोटर्सने व्हॉक्सहॉल या ब्रिटिश कंपनीच्या १९७०च्या दशकातील गाडीचे साचे आणून १९८४ मध्ये कॉन्टेसा काढली. तिच्यात आरंभी ॲम्बॅसडरचेच १४८९ घ.सें.मी.चे इंजिन होते. एवढ्या मोठ्या गाडीला ते अपुरे पडले, तेव्हा जपानच्या इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आले. १९९०च्या दशकात तेच खुद्द ॲम्बॅसडरमध्येही बसले.

प्रीमियरने १९८५ मध्ये '११८ एनई' ही गाडी आणली. एनई म्हणजे निसान इंजिन. सांगाडा मूळ इटलीच्या फियाट १२४चा, साचे स्पेनच्या सेआट कंपनीचे आणि इंजिन जपानच्या निसानचे, ११७१ घ.सें.मी.चे. म्हणजे एका गाडीत तीन देश आणि दोन दशके एकत्र आली होती.

याच फियाट १२४ची आणखी एक शाखा सोव्हिएत संघात गेली. १९६६च्या मूळ गाडीला चारही चाकांना डिस्क ब्रेक होते, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. १९७०पासून तोल्यात्ती येथे बनू लागलेल्या रशियन गाडीत मात्र इंजिन नवे आले आणि मागचे डिस्क काढून ड्रम बसवले गेले. तेथील चिखलाच्या, खडीच्या रस्त्यांवर उघड्या डिस्क लवकर झिजत होत्या. सुधारणा कशाला म्हणायचे हे रस्त्यावरही अवलंबून असते, ते असे.

आता डोंबिवलीकडे वळू. प्रीमियरचा दुसरा कारखाना कल्याण-शीळ रस्त्यावर डोंबिवलीजवळ होता. १९९०च्या दशकाच्या मध्यात तेथे फ्रान्सच्या पीजो कंपनीच्या भागीदारीत 'पीजो ३०९' बनू लागली. या गाडीचा सांगाडा, इंजिन आणि ब्रेक एकमेकांचा विचार करून एकत्रच आखलेले होते. ही भागीदारी काही वर्षांतच संपली. पुढे पीजोचे १५२७ घ.सें.मी.चे डिझेल इंजिन मारुतीच्या झेन आणि एस्टीम या गाड्यांच्या डिझेल आवृत्त्यांत दिसले. पद्मिनीलाही शेवटच्या काळात १३६६ घ.सें.मी.चे डिझेल इंजिन मिळाले होते.

या सर्व इतिहासात जाहिरात झाली ती इंजिनाची. गिऱ्हाईक विचारते ते गाडी किती पळते आणि किती मायलेज देते. ब्रेकची चौकशी सहसा अपघातानंतर होते.

इंजिनापेक्षा ब्रेक बलवान

थोडे गणित करू. पद्मिनीचे वजन सुमारे ९०० किलो. तीन माणसे धरून ११०० किलो समजू. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. या वेगाला ऊर्जा ५५ हजार ज्यूल येते. ताशी ७२ किलोमीटरला ती २ लाख २० हजार होते आणि ताशी १०८ किलोमीटरला ४ लाख ९५ हजार. वेग तिप्पट, ऊर्जा नऊपट. शेवटच्या आकड्याएवढ्या उष्णतेत २५ अंश सेल्सिअसचे दीड लिटर पाणी उकळू लागेल. गाडी थांबते तेव्हा ही जवळजवळ सर्व ऊर्जा ब्रेकच्या भागांत उष्णतेच्या रूपाने उतरते.

आता वेळेचा विचार करू. कोरड्या रस्त्यावर वेग दर सेकंदाला ६ मीटर प्रति सेकंद इतका कमी होतो असे मानू. ताशी ७२ किलोमीटर वेगाची गाडी सव्वातीन-साडेतीन सेकंदांत, सुमारे ३३ मीटरांत थांबेल. एवढ्या वेळात २ लाख २० हजार ज्यूल बाहेर टाकायचे, म्हणजे सरासरी ६६ हजार वॅट किंवा ८८ अश्वशक्ती. ज्या गाडीचे इंजिन ४० अश्वशक्तीचे, तिच्या ब्रेकला ८८ अश्वशक्तीचे काम करावे लागते! विद्यार्थ्यांना हे ऐकून आश्चर्य वाटते, पण आकडेमोड त्यांच्याच पुस्तकातील आहे.

समजा, त्या जागी ८० अश्वशक्तीचे इंजिन आले. दोन सिग्नलांमधल्या त्याच अंतरात गाडी आता जास्त वेग गाठते. वेग चाळीस टक्क्यांनी वाढला तरी ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. ब्रेक मात्र तेच.

ड्रम आणि डिस्क

ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याच्या आत दोन अर्धगोल शू असतात. पेडल दाबले की ते बाहेर सरकून डब्याच्या आतल्या बाजूला घासतात. फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे कमी जोरातही ब्रेक चांगला लागतो. दोष असा की उष्णता आत कोंडते. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो, लायनर तापले की त्यांचे घर्षणही घटते, आणि पेडल खोल जाऊ लागते. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी शिरते आणि लायनर सुकेपर्यंत ब्रेक नीट लागत नाहीत. आपल्या भागातील चालकांना हे सांगायला नको.

डिस्क ब्रेकमध्ये उघडी चकती दोन पॅडांच्या चिमटीत धरली जाते. वारा लागून ती लवकर थंड होते आणि पाणी झटकून टाकते. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये इंग्लंडात अशा ब्रेकचे पेटंट घेतले होते. पण १९५३ साली ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेकच्या जॅग्वारने जिंकली, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. डिस्क बसवली म्हणून पहिल्याच ब्रेकला गाडी निम्म्या अंतरात थांबत नाही. ती मर्यादा टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणाची असते. सुस्थितीतील ड्रमही एकदा चाक जाम करू शकतो. डिस्कचा खरा उपयोग दहाव्या ब्रेकला, उतारावर आणि पावसात होतो.

एक बदलले की दुसरे हलते

डिस्कला ड्रमसारखी आपोआप ओढ मिळत नाही. म्हणून पायाचा जोर वाढवण्यासाठी बूस्टर लावतात. तो इंजिनाच्या ओढीने निर्माण होणाऱ्या कमी दाबावर चालतो. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर सोडला की हवेची वाट जवळजवळ बंद होते आणि तेथे निर्वात तयार होतो. डिझेल इंजिनात हवेची वाट सहसा उघडीच असते, म्हणून बूस्टरसाठी वेगळा निर्वात पंप लागतो. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवले आणि हा पंप विसरला, तर चांगले डिस्क ब्रेकही दगडासारखे घट्ट लागतील. इंजिन आणि ब्रेक ही दोन खाती वेगळी नाहीत, हे यावरून लक्षात येईल.

वजनाचेही तसेच. मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या तेव्हा डिकीत लोखंडी सिलिंडर आला. हवा स्वच्छ होण्यास मदत झाली, पण गाडीच्या मागच्या भागावर साठ-सत्तर किलोंचा कायमचा भार पडला. नवे इंजिन जड असेल तर तोच भार पुढच्या चाकांवर पडतो. त्या काळातील बहुतेक गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेक ऑइलची नळी एकच असे. ती कुठेही फुटली की सगळेच ब्रेक जात. म्हणून जाणता कारागीर डिस्कच्या आधी दोन स्वतंत्र भागांचा मास्टर सिलिंडर बसवतो. अमेरिकेत तो १९६८पासून सक्तीचा आहे.

या सर्वांची परीक्षा पाहायची तर आपल्या जिल्ह्यातला कसारा घाट आहेच. इगतपुरी ते कसारा हा उतार सुमारे ३०० मीटरांचा. आपली ११०० किलोंची गाडी तो उतरताना सुमारे ३२ लाख ज्यूल सोडते. ताशी १०८ किलोमीटर वेगावरून साडेसहा वेळा थांबण्याएवढी ही ऊर्जा आहे. म्हणूनच घाटात खालच्या गिअरमध्ये उतरायचे असते: काही ऊर्जा इंजिनच शोषून घेते आणि ब्रेक थंड राहतात.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ अशा बदलांविषयी आहे. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केला. गॅस किंवा विजेवर चालण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसवण्याची सवलत आहे, परंतु तीही अटींसह. गाडी एमएच-०४ म्हणजे ठाण्याची असो वा एमएच-०५ म्हणजे कल्याणची, आरटीओच्या नोंदीशिवाय हे करता येत नाही. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंद मिळते, पण तिचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा ही अट आहे. १९६०च्या दशकातल्या डिलाइटमध्ये नवे इंजिन बसवणारा हा मान गमावतो. म्हणजे मालकाला निवड करावीच लागते: गाडी इतिहासाचा पुरावा म्हणून जपायची की वाहन म्हणून वापरायची.

वर्गात करून पाहण्यासारखे

विद्यार्थ्यांना सायकल घेऊन मैदानावर एका खुणेपर्यंत हळू आणि नंतर दुप्पट वेगाने येऊ द्यावे. खुणेवर एकाच जोराने फक्त मागचा ब्रेक दाबून थांबण्याचे अंतर मोजावे. ते दुप्पट नव्हे, चौपटीच्या आसपास येते. मग रबर पाण्याने ओले करून हळू वेगाने पुन्हा मोजावे. शेवटी ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीतल्या एखाद्या जुन्या गॅरेजला भेट देऊन झिजलेला ब्रेक शू आणि पॅड मागून आणावेत. लायनर कुठे जळून काळे पडले आहे, हे मुलांनी हातात घेऊन पाहिले की सूत्रातला वेगाचा वर्ग त्यांच्या लक्षात राहील. यांतली काही मुले पुढे गाड्या चालवतील, काही दुरुस्त करतील. इंजिनाची चौकशी करताना ब्रेकचीही चौकशी करण्याची सवय त्यांना आताच लागलेली बरी.