बिदरचा मदरसा आणि घरी आलेली विलायत

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझी भाची मोबाइल घेऊन माझ्यासमोर बसली. नवी मुंबईत विमानतळाजवळ 'एज्युसिटी' उभी राहणार, यॉर्क, अ‍ॅबर्डीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया अशा विद्यापीठांना तिथल्या शाखांसाठी पत्रे दिली गेली, ही जून 2025 मधली बातमी तिने जपून ठेवली होती. "मामू, विलायत घर कू आई बोलते," ती हसत म्हणाली. भारतात याआधी सुरू झालेल्या परदेशी विद्यापीठांच्या शाखांची फी तिने शोधून काढली होती. एका वर्षाची फी तिच्या अब्बांच्या किराणा दुकानाच्या दोन वर्षांच्या कमाईइतकी निघाली. मग तिने विचारले, "आलीच आहे तर ही विलायत कुणासाठी आली?"

मला लगेच उत्तर सुचले नाही. दख्खनच्या इतिहासाचा नाद असल्यामुळे मन वळले ते बिदरकडे. उदगीरहून भालकीमार्गे रेल्वेने गेले की बिदर येते. आमच्या भागातल्या कित्येक घरांचे सोयरे तिथे आहेत. लहानपणापासून तिथला तो अर्धा पडलेला, निळ्या-हिरव्या फरशांचा मदरसा पाहत आलो होतो. पण तो उच्च शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीयीकरणाचा दख्खनमधला एक मोठा प्रयोग होता, या नजरेने त्याच्याकडे मी कधी पाहिले नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत भाचीला घेऊन गेलो.

हा मदरसा बांधणारा ख्वाजा महमूद गावान मूळचा इराणच्या उत्तरेकडील गीलानचा. घराणे राजकारणातले, पण तिथले वारे फिरल्याने त्याने व्यापाराची वाट धरली. 1453 मध्ये तो जहाजाने उतरला तो कोकणातल्या दाभोळ बंदरावर. वय चाळिशीच्या पुढे. दाभोळहून घाट चढून बिदरला आला आणि तिथलाच झाला. पुढे बहामनी सुलतानांकडून 'मलिक-उत-तुज्जार' म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा हा किताब मिळाला आणि तिसऱ्या मुहम्मदशहाच्या काळात तो राज्याचा सर्वेसर्वा वजीर बनला. संगमेश्वर, खेळणा म्हणजे आजचा विशाळगड, आणि 1472 साली गोवा, ही ठाणी त्यानेच बहामनी राज्याला जोडली. शाळेत आपण त्याचे नाव वाचतो ते एवढ्यापुरतेच.

पण वजीर होण्याच्या कितीतरी आधी हा माणूस स्वतः परदेशी विद्यार्थी होता. कैरोचा इतिहासकार सखावी याने आपल्या शतकातल्या नामवंतांच्या चरित्रकोशात गावानची नोंद घेतली आहे. गावान कैरोला गेला होता आणि हदीसचे त्या काळातले सर्वांत मोठे पंडित इब्न हजर अस्कलानी यांच्यापाशी बसला होता, असे त्यात येते. त्या जगात ही फार नवलाची गोष्ट नव्हती. इल्म मिळवायचे तर घर सोडायचे, ज्याच्याकडे ते आहे त्याच्यासमोर गुडघे टेकायचे आणि त्याच्या हातची 'इजाजत' घेऊन पुढच्या शहरी जायचे. पदवी संस्थेची नसे, गुरूची असे. कैरोच्या अल-अझहरमध्ये तर मगरिबी, शामी, तुर्क, हबशी अशा देशोदेशीच्या विद्यार्थ्यांचे वेगवेगळे 'रिवाक' होते. रिवाक म्हणजे राहण्या-शिकण्याची ओवरी. तिथे वक्फच्या उत्पन्नातून रोजच्या भाकरी मिळत. परक्याने झोपायचे कुठे आणि खायचे काय, याचे उत्तर आधी तयार असे. अभ्यासक्रमाचा विचार त्यानंतर.

गावानने बिदरला हेच उभे करायचे ठरवले. 1472 मध्ये मदरसा पुरा झाला. तीन मजली इमारत, चार दिशांना चार मोठी दालने, दर्शनी बाजूला दोन उंच मनोरे, भिंतींवर इराणी धर्तीच्या रंगीत फरशा आणि मोठ्या अक्षरांतली कुराणाची आयत. विद्यार्थ्यांसाठी 36 खोल्या, शिक्षकांसाठी 6 घरे, मशीद आणि ग्रंथालय. समरकंद नाहीतर खुरासानातून इमारत उचलून दख्खनच्या लाल मातीवर आणून ठेवावी, तशी ती दिसते. बिदरचा सगळा दगड जांभा. त्यात ही निळाई आजही परकी वाटते, आणि ती तशी वाटावी अशीच बांधणाऱ्याची इच्छा असणार.

इमारत झाली, आता माणसे हवीत. गावानच्या पत्रांचा संग्रह 'रियाझ-उल-इन्शा' या नावाने उपलब्ध आहे. सुलतान, वजीर, पंडित, सूफी अशा सगळ्यांना त्याने बिदरहून फारसीत पत्रे लिहिली. हेरातचे महाकवी जामी यांना तर आग्रहाचे आमंत्रण धाडले. जामींनी पत्रव्यवहार ठेवला, पण बिदरला काही ते आले नाहीत. ही बाब मला फार ओळखीची वाटते. आजही आपल्याकडचे कुलगुरू परदेशातून करारांच्या फायली घेऊन येतात. त्या विद्यापीठांचे नामवंत प्राध्यापक मात्र हारतुरे घ्यायला एक दिवस येतात, किंवा पडद्यावरून बोलतात. ज्याचे नाव लावायचे तो हेरातलाच राहतो.

जामी नाही आले, तरी पुष्कळ लोक आले, आणि खरी गोष्ट इथून सुरू होते.

बहामनी दरबारात दोन गट होते. एक दख्खनी: तुघलकाच्या वेळी उत्तरेतून दौलताबादला आलेल्यांचे वंशज, इथेच धर्मांतर केलेले, आणि बहुतेक वेळा त्यांच्या बाजूने असलेले हबशी. दुसरे आफाकी: इराण, इराक, मध्य आशियातून समुद्रमार्गे ताजे आलेले. त्यांना 'गरीब'ही म्हणत. अरबीत गरीब म्हणजे परका, परदेशी. आपल्या बोलीत हा शब्द निर्धनाला चिकटला, बिदरमध्ये मात्र 'गरीब' हेच सत्तेतले लोक होते! 1470 च्या आसपास चौलला उतरून जुन्नरमार्गे बिदरला आलेला रशियन व्यापारी अफानासी निकितिन लिहून ठेवतो की इथले राज्यकर्ते सगळे खुरासानी आहेत, उमराव अतिश्रीमंत आणि गावातले लोक फार दरिद्री. निकितिन कोणत्याच गटाचा नव्हता, म्हणून त्याची साक्ष मोलाची.

या भांडणाने किती खालची पातळी गाठली होती हे पाहायचे तर चाकणला जावे. आज परदेशी मोटार कंपन्यांच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या त्याच चाकणला. 1447 च्या सुमारास कोकणच्या मोहिमेत वाताहत झालेले आफाकी सैनिक तिथल्या किल्ल्यात आश्रयाला आले. दख्खनी सरदारांनी सुलतानाचे कान भरले, अभय देऊन त्यांना मेजवानीला बोलावले आणि कापून काढले. मेलेल्यांत सय्यदांची संख्या मोठी होती. पुढे खरा प्रकार कळल्यावर सुलतानाने त्या सरदारांना शिक्षा केली, पण व्हायचे ते होऊन गेले होते. गावान दाभोळला उतरला तो या घटनेनंतर सहाच वर्षांनी. आपण कुठे आलो आहोत हे त्याला ठाऊक नसेल, असे मी मानत नाही.

वजीर म्हणून त्याने तोल सांभाळायचा मनापासून प्रयत्न केला. चार सुभ्यांचे आठ केले आणि त्या नेमणुकांत दोन्ही गटांना वाटा दिला. मोठ्या सुभेदारांचे किल्ले कमी करून सत्ता मध्यवर्ती केली. यात दोन्हीकडचे लोक दुखावले, दख्खनी जास्त. त्यांचा म्होरक्या मलिक हसन निजाम-उल-मुल्क. फरिश्ताच्या सांगण्यानुसार हा मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुळातला, आपल्या परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचा. लढाईत पकडला गेला, मुसलमान झाला, गुलामगिरीतून वर चढला. म्हणजे एकीकडे कैरोत शिकलेला, सुलतानांशी पत्रांतून बरोबरीने बोलणारा गावान, आणि दुसरीकडे गोदावरीकाठचा पोर.

मलिक हसनच्या माणसांनी गावानच्या शिक्का सांभाळणाऱ्याला दारू पाजून कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला आणि वर ओडिशाच्या राजाला फितुरीचे पत्र लिहिले. सुलतानानेही दारूच्या नशेत ते वाचले आणि 5 एप्रिल 1481 रोजी सत्तरी ओलांडलेल्या वजिराचे शिर उडवले गेले. फरिश्ता पुढे सांगतो की गावानच्या संपत्तीची झडती झाली तेव्हा हाती फारसे लागले नाही. चटईवर झोपायचा, मातीच्या भांड्यात जेवायचा, स्वतःचा खर्च व्यापाराच्या भांडवलातून काढायचा. ग्रंथपालाने सांगितले की 3000 पुस्तके आहेत खरी, पण ती सगळी मदरशाच्या विद्यार्थ्यांची आहेत. मला या सबंध इतिहासात एवढे एक वाक्य सर्वांत जास्त आवडते.

आता माझी तक्रार. गावानबद्दल आदर ठेवूनच ती करतो, कारण आपल्याकडे त्याचे चरित्र एकतर शहिदाचे लिहितात नाहीतर लिहीतच नाहीत. मदरशाची विद्या अरबी आणि फारसी होती, आणि ज्याचे डोळे हेरात-शिराजकडे लागलेले त्याच्यासाठी ती होती. पण त्याच बिदर दरबाराच्या सावलीत, मदरसा बांधण्याच्या चाळीसेक वर्षे आधी, फख्र-ए-दीन निजामीने 'कदमराव पदमराव' ही मसनवी रचली होती. दख्खनीतले हे उपलब्ध असलेले सर्वांत जुने दीर्घकाव्य. ही बोली मराठीशी शेजार करून वाढली. आमच्या घरात आज जी बोलतात तिची ती पणजी. ती बोली खानकाहमध्ये, बाजारात, लष्करात वाढत गेली. गावानने जगाला बिदरपर्यंत आणले, पण बिदरला त्या दालनात बसवायचे राहून गेले.

गावाननंतर वर्षभरात सुलतान गेला, पुढे राज्य फुटले. गावानचा मानसपुत्र म्हणवला जाणारा यूसुफ आदिलखान विजापूरला, तर मलिक हसनचा मुलगा अहमद जुन्नर-अहमदनगरला. म्हणजे त्या भांडणातूनच दोन शाह्या निघाल्या. पुढे विजापुरात पहिल्या इब्राहिम आदिलशहाने बहुतेक आफाकींना नोकरीतून काढले आणि महसुलाचे दप्तर फारसीतून देशी भाषेत आणले. राज्य चालवायला शेवटी पाटील-कुलकर्ण्यांची लेखणीच लागली. मदरशाचे हाल मात्र वेगळ्या कारणाने झाले. मुघलांनी बिदर घेतल्यावर तिथे फौज राहिली, खोल्यांत बारूद साठवली गेली आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस स्फोट होऊन दर्शनी भागाचा मोठा तुकडा आणि एक मनोरा कोसळला.

परतीच्या गाडीत भाचीला मी आजच्या सिद्धांताची गोष्ट सांगितली. विद्यापीठाच्या उद्देशात, शिकवण्यात आणि कारभारात जगाचे परिमाण मिसळत जाणे, अशी कॅनडाच्या जेन नाइट यांची आंतरराष्ट्रीयीकरणाची मांडणी बहुतेक ठिकाणी वापरली जाते. पण मला जास्त भावतो तो स्वीडनचा बेंग्ट निल्सन. 1998 मध्ये माल्मो शहरात नवे विद्यापीठ निघाले आणि तिथली आंतरराष्ट्रीय जबाबदारी त्याच्याकडे आली. परदेशी विद्यापीठांशी करार अजून झालेले नव्हते, विद्यार्थी पाठवायचे कुठे? त्याने खिडकीबाहेर पाहिले, तर निम्मे जग त्याच्याच शहरात स्थलांतरित म्हणून राहत होते. जे कधीच परदेशी जाणार नाहीत अशा बहुसंख्य विद्यार्थ्यांना घरीच, शहरातल्या या माणसांसोबत जग शिकवायचे, ही त्याची कल्पना. 'घरच्या घरी आंतरराष्ट्रीयीकरण' हे नाव तिला मिळाले ते तिथून.

आपल्या 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही हेच शब्द आहेत. व्यवहारात त्याचा अर्थ झाला परदेशी शाखा, जगातल्या क्रमवारीतले स्थान आणि परदेशी विद्यापीठांची फी. माल्मोच्या कल्पनेत जो न जाणारा विद्यार्थी केंद्रस्थानी होता, तोच इथे दाराबाहेर राहिला. खिडकीबाहेर पाहायचे तर पुण्यात येमेनी, सुदानी, इराणी, अफगाण मुले वर्षानुवर्षे शिकत आहेत. त्यांच्या शेजारी बसून किती मराठी मुलांनी अरबीचा एक शब्द शिकला? उलट भाड्याने खोली मिळवताना त्यांना काय ऐकावे लागते, ते आम्हाला विचारायची गरज नाही. नाव सांगितल्यावर खोली 'कालच गेली' हे आमच्याही वाट्याला आले आहे. अल-अझहरच्या रिवाकाची आठवण येते ती अशा वेळी.

आणि बाहेर जायचे म्हटले तर? अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचे व्याज भरणारी 'पढो परदेश' ही केंद्राची योजना 2022-23 पासून बंद झाली. राज्याने नंतर परदेशी शिष्यवृत्ती जाहीर केली, पण जागा मोजक्या.

मदरशाच्या आवारात त्या दिवशी एका कन्नड शाळेची सहल आली होती. मुले पडक्या बाजूच्या मनोऱ्याच्या चौथऱ्यावर चढून फोटो काढत होती. भाची खोल्या मोजत एका दालनातून दुसऱ्यात फिरत होती. परत येऊन म्हणाली, "छत्तीस आहेत खऱ्या. पण मामू, माझ्यासाठी यातली एकही नव्हती." मी गावानची बाजू घ्यायला तोंड उघडले आणि मिटले.

भालकी सोडल्यावर तिने मोबाइलवर एका परदेशी विद्यापीठाचा अर्ज उघडला. मातृभाषेच्या रकान्यात भाषांची लांबलचक यादी होती. मराठी होती, उर्दू होती, फारसीही होती. ती यादी तिने दोनदा वरखाली केली. दख्खनी नव्हती. उदगीर येईपर्यंत तो रकाना तसाच रिकामा होता.