स्फोटकातला वायू, मुलाच्या श्वासात



फौजेत नायट्रोग्लिसरीनची ओळख होते ती स्फोटक म्हणून. आल्फ्रेड नोबेलने 1867 मध्ये त्याला डायनामाइटच्या रूपात आटोक्यात आणले. पुढे त्याच्याच छातीत कळा येऊ लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी औषध सुचवले तेही नायट्रोग्लिसरीन! त्याने रक्तवाहिन्या सैल कशा होतात, याचे उत्तर 1977 मध्ये फेरिद मुराद यांनी दिले. त्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो. मोटारीच्या धुरात असतो तोच वायू. 1987 मध्ये कळले, की आपले शरीरही तो बनवते.

1991 मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांना तो माणसाच्या उच्छ्वासात सापडला. 1993 मध्ये शेल आल्विंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की दम्याच्या रुग्णांच्या उच्छ्वासात तो जास्त असतो.

फुंकण्याचे यंत्र काही नवे नव्हते. जॉन हचिन्सनचा स्पायरोमीटर 1846 चा. पण तो हवेचे माप सांगतो. श्वासनलिका आतून सुजली आहे का, हे नाही. त्यासाठी दुर्बीण घालायची, नाहीतर बेडका तपासायचा. आणि लहान मूल बेडका थुंकत नाही, गिळते! म्हणून हा शोध मला मुलांच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो.

चाचणीत मुलाने खोल श्वास घेऊन साधारण सहा सेकंद एकसारखा, संथ सोडायचा. फुंकताना थोडा दाब ठेवावा लागतो, त्यामुळे टाळूचा मऊ भाग वर उचलून नाकाची वाट बंद होते. नाकात हा वायू कितीतरी जास्त असतो. तो मिसळला तर आकडा फसवा.

आकडा हवेच्या एक अब्ज भागांत मोजतात. 2011 च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनुसार बारा वर्षांखालच्या मुलांत 20 च्या आत असेल, तर ॲलर्जीच्या दम्यात आढळणारी सूज असण्याची शक्यता कमी. 35 च्या वर असेल तर जास्त. मात्र नुसत्या आकड्यावर दमा ठरवू नये. नाकाच्या ॲलर्जीनेही तो वाढतो, आणि अगदी लहान मुलांना असे फुंकणे जमत नाही.

आपल्याकडे मूल जरा बरे दिसले, की घरचे लोक पंप बंद करतात, सवय लागेल म्हणून. पंपातल्या स्टेरॉइडने उतरलेला आकडा तेव्हा पुन्हा चढू शकतो. कधीकधी खोकला परतण्याच्या आधीच.