करडईचे तेल आणि हृदयरोगी : एका प्रयोगाचा इतिहास

१/ मराठवाड्यात, जालना जिल्ह्यातही, रब्बी ज्वारीच्या कडेने करडई पेरण्याची जुनी रीत. काट्यांमुळे जनावरे अडत आणि घाण्यावर घरचे तेल निघे. विसाव्या शतकात हेच तेल हृदयरोगतज्ज्ञांच्या चर्चेत आले.

२/ कारण होते त्यातील लिनोलेइक आम्ल. तूप-लोण्यासारख्या संपृक्त मेदाऐवजी अशी तेले घेतल्यास रक्तातील कोलेस्टेरॉल उतरते, हे १९५० च्या दशकात दिसून आले. त्याने आयुष्यही वाढेल, हे मात्र गृहीतच होते.

३/ १९६६ मध्ये सिडनीत या गृहीतकाची परीक्षा सुरू झाली. नुकताच हृदयविकार जडलेल्या ४५८ पुरुषांपैकी एका गटाला करडईचे तेल व त्याचे मार्गारिन देण्यात आले. १९७३ पर्यंत चाललेल्या या प्रयोगात त्यांचे कोलेस्टेरॉल उतरले. मृत्यू मात्र वाढले.

४/ त्यांपैकी हृदयविकाराचे किती, हे तेव्हा प्रसिद्धच झाले नाही. जुनी माहिती पुन्हा मिळवून २०१३ मध्ये हिशेब मांडला गेला. एकूण मृत्यू तेलाच्या गटात १७.६ टक्के, दुसऱ्यात ११.८, हृदयविकाराचे मृत्यूही अधिकच.

५/ प्रयोग लहान होता. त्यावरून करडई विषारी ठरत नाही. कोलेस्टेरॉल उतरवणे व्यर्थ, असेही नाही. १९९४ च्या स्कँडिनेव्हियन चाचणीत ४,४४४ रुग्ण होते. सिमव्हास्टॅटिनने मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले.

६/ म्हणूनच आजच्या हृदय-पुनर्वसनात औषध, व्यायाम, आहार आणि तंबाखूत्याग एकत्र येतात. घाण्याचे तेल आणले म्हणून गोळी सोडू पाहणाऱ्याने सिडनीचा हा हिशेब ध्यानी ठेवावा.