पुढचा ब्रेक की मागचा? बाईक नेमकी कशाने थांबते?

"पुढचा ब्रेक दाबू नको, तोंडावर पडशील." गाडी शिकताना हा सल्ला बहुतेकांना मिळतो. मग अनेक जण वर्षानुवर्षे फक्त पायाच्या ब्रेकवर गाडी चालवतात. गावात हळू फिरताना त्याने काही बिघडत नाही. पण परभणी-जिंतूर रस्त्यावर बोरीजवळ शेतातून अचानक ट्रॅक्टर किंवा म्हैस आडवी आली, तर हीच सवय महागात पडते. कारण बाईक थांबवण्याचं मुख्य काम पुढचा ब्रेक करतो.

कोणता ब्रेक कुठे?

- बाईक: उजव्या हाताला पुढचा, उजव्या पायाला मागचा. डाव्या हाताला क्लच.
- स्कूटर: उजव्या हाताला पुढचा, डाव्या हाताला मागचा.

पुढचा ब्रेक जास्त ताकदवान का?

बसने ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे झुकतात. बाईकचंही तसंच होतं, वजन पुढच्या चाकावर येतं. समजा गाडी आणि तुम्ही मिळून २०० किलो. उभ्या गाडीत दोन्ही चाकांवर साधारण १००-१०० किलो असतं. जोरात ब्रेक मारताना पुढे सुमारे १५० आणि मागे फक्त ५० किलोच्या आसपास उरतं. ज्या चाकावर वजन जास्त, त्याची रस्त्यावर पकड जास्त. मागचं चाक हलकं झालेलं असतं, म्हणून नुसता पाय जोरात दाबला की ते जाम होऊन घसरतं.

फरक किती पडतो?

ताशी ६० किमी वेग, कोरडा डांबरी रस्ता, ढोबळ हिशोब:

- दोन्ही ब्रेक नीट वापरले: सुमारे २३ मीटर
- फक्त मागचा: सुमारे ४६ मीटर

शिवाय धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी आणखी १७ मीटर पुढे गेलेली असते. मोबाईलकडे नजर असेल तर हे अंतर आणखी वाढतं.

मग लोक पुढच्या ब्रेकने पडतात कसे?

घाबरून लिव्हर एकदम आवळल्यामुळे. वजन पुढे यायच्या आतच चाक जाम होतं. हँडल वळलेलं असेल किंवा खाली वाळू असेल तर गाडी पडलीच म्हणून समजा.

योग्य पद्धत

1. थ्रॉटल सोडा, हँडल सरळ ठेवा, नजर पुढे.
2. दोन्ही ब्रेक सोबत लावा. पुढचा लिंबू पिळल्यासारखा, म्हणजे आधी हलका, मग वाढवत न्या. पायाचा हलकाच ठेवा.
3. थांबण्याच्या जरा आधी क्लच दाबा.
4. पुढचं चाक जाम झालं तर लिव्हर लगेच सोडून पुन्हा हळू दाबा.

रिकाम्या, कोरड्या जागेत ताशी २० किमी वेगापासून सराव करा. हेल्मेट घालूनच.

इथे जास्त सांभाळा

- पावसाळा: ट्रॅक्टरच्या चाकांसोबत काळ्या मातीचा चिखल डांबरावर येतो आणि रस्ता साबणासारखा होतो. वेग आधीच कमी करा, दोन्ही ब्रेक अगदी हलके लावा.
- वळण: टायरची पकड वळण्यातच खर्च होत असते. ब्रेक वळणाच्या आधी मारा.
- खडी, वाळू: पुढचा ब्रेक अगदी जपून.
- डबलसीट: मागच्या चाकावर वजन जास्त, त्यामुळे पायाचा ब्रेक थोडा जास्त कामी येतो. पण गाडी थांबायला एकूण जास्त जागा लागते.

एबीएस आणि सीबीएस म्हणजे काय?

भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या गाड्यांना एबीएस, तर १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना एबीएस किंवा सीबीएस बंधनकारक झालं.

सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. पण पूर्ण ताकदीसाठी उजव्या हाताचा लिव्हर दाबावाच लागतो.

एबीएसमध्ये सेन्सर चाकाचा वेग सतत मोजतो. चाक जाम होतंय असं दिसलं की ब्रेकचा दाब क्षणभर कमी करून पुन्हा वाढवतो. तेव्हा लिव्हर थरथरतो. घाबरून सोडू नका, दाबून ठेवा. सिंगल चॅनल एबीएस सहसा फक्त पुढच्या चाकाला असतं, म्हणजे मागचं चाक तरीही जाम होऊ शकतं. चावी लावल्यावर एबीएसचा दिवा लागतो आणि गाडी थोडी पुढे गेली की विझतो. विझलाच नाही तर मेकॅनिकला दाखवा.

जुन्या गाडीत यातलं काहीच नसेल, तर तुमची दोन बोटं हेच तुमचं एबीएस. त्यांना आजपासून सवय लावा.