बापाचं कर्ज, लेकाचं वावर

चिखलीहून खामगावकडे निघालं की वाटेत उंद्री लागतं. इथं घरचा कर्ता गेला की तेरवी आटोपल्यावर तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज जातो. फेरफार होतो आणि सातबाऱ्यावर मयताच्या जागी बायकोचं, लेकांचं, लेकींचं नाव चढतं. इतर हक्कांच्या रकान्यातला सोसायटीच्या कर्जाचा बोजा मात्र हलत नाही. वावराचे दोन तुकडे झाले तर तो दोन्ही तुकड्यांवर दिसतो.

मग घरात प्रश्न निघतो. वाटणी तर झाली, आता बापाचं कर्ज कोणी फेडायचं? बहुतेक घरांत उत्तर तयार असतं: लेकानं. ते कायद्याच्या पुस्तकातून आलेलं नाही, त्याहून फार जुनं आहे.

तैत्तिरीय संहितेपासून माणूस तीन ऋणं घेऊन जन्मतो, असं मानलं गेलं: ऋषींचं, देवांचं, पितरांचं. त्या कल्पनेला स्मृतिकारांनी सावकाराचं कर्ज जोडलं. कर्ज न फेडता मेलेला माणूस धनकोच्या घरी दास किंवा जनावर होऊन जन्मतो, त्याला त्यातून सोडवणं हे मुलाचं कर्तव्य, अशी ती मांडणी. बृहस्पतीने तर पिढ्यांचा हिशेबच घातला. मुलाने मुद्दल व्याजासह द्यावं, नातवाने नुसतं मुद्दल, पणतूने इस्टेट हाती आली असेल तरच. म्हणजे बापाने मागे काहीही ठेवलं नसलं तरी मुलगा बांधलेलाच. याज्ञवल्क्याने अपवाद केले: दारूसाठी, जुगारासाठी, बाईच्या नादापायी काढलेलं कर्ज, थकलेला दंड, थकलेली जकात मुलाच्या माथी येत नाही. याच याज्ञवल्क्यस्मृतीवर अकराव्या शतकाच्या अखेरीस कल्याणीच्या चालुक्य दरबारात विज्ञानेश्वराने मिताक्षरा ही टीका लिहिली आणि पुढे वऱ्हाडातल्या हिंदू कुटुंबांचा वारसा तिच्याच आधाराने ठरत आला.

मला या शास्त्रात एक माणुसकी दिसते. धनकोचा पैसा बुडू नये आणि मेलेल्या बापाची अब्रू जाऊ नये, अशी दोन्ही टोकं त्यात धरलेली आहेत. दामदुपटीचा नियमही त्याच घरातला: व्याज मुद्दलापेक्षा जास्त वाढू द्यायचं नाही. पण कर्ज माणसाच्या अंगाला चिकटलं ते इथंच, आणि ते तिथून सोडवायला कायद्याला जवळजवळ दीडशे वर्षं लागली.

ज्या वऱ्हाडात उंद्री आहे, तो मुलूखच कर्जापायी हातचा गेलेला. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाची बाकी थकली म्हणून २१ मे १८५३ च्या तहाने निजाम नासिर-उद-दौलाला वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली द्यावं लागलं. १८५७ मध्ये तो वारला. त्याच्या मुलाच्या काळात, १८६० च्या तहाने, ५० लाखांचं कर्ज माफ झालं, तरी वऱ्हाड परत मिळालं नाही. नातवाने, म्हणजे महबूब अली खानाने, १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर ते कायमच्या पट्ट्याने दिलं. इथं तर कर्ज मिटल्यावरही तारण सुटलं नाही.

मुंबई इलाख्यात १८६६ मध्ये हिंदू वारसांना दिलासा देणारा कायदा झाला. वारस झाला एवढ्याच कारणाने मुलगा-नातू स्वतःच्या कमाईतून देणं लागत नाही, हाती आलेल्या इस्टेटीपुरतंच लागतो, असं त्याने ठरवलं. तरी त्याच इलाख्यातल्या सुप्याला १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. कागदाची भीती कायद्याने गेली नव्हती. शिवाय वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हतं, त्यामुळे तो कायदा उंद्रीच्या शिवेपर्यंत आलाच नाही.

इथं बदल आला तो न्यायनिवाड्यांतून आणि १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतून. तिच्या कलम ५० नुसार मयताची जी मिळकत वारसाच्या हाती आली आणि रीतसर खर्ची पडली नाही, तेवढ्यापुरतीच त्याच्यावर वसुली. पण तो हिशेब देता आला नाही, तर कलम ५२ प्रमाणे तेवढी रक्कम त्याच्या स्वतःच्या मालमत्तेतून वसूल होऊ शकते. मिताक्षरेची जुनी जबाबदारी मात्र वडिलोपार्जित वाट्यावर तशीच राहिली. १९२३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ब्रिज नारायण प्रकरणात सांगितलं की बाप हयात आहे की मयत, याने फरक पडत नाही. वाटणी झाली की सुटका, हा समज सर्वोच्च न्यायालयाने १९५२ च्या पन्नालाल प्रकरणात मोडला. वाटणीआधीच्या बापाच्या कर्जाची सोय न लावता वाटे पाडले, तर मुलाच्या वाट्यातून ते वसूल होऊ शकतं. १९२५ च्या वारसा कायद्यातही असंच आहे. इच्छापत्राबरहुकूम वाटप होऊन गेलं, तरी राहिलेला धनको ज्याला मिळालं त्याच्याकडून परत मागू शकतो. मुस्लिम कायद्यात तर आधी कर्ज आणि मग वारसा, प्रत्येक वारस आपल्या हिश्शाच्या प्रमाणात जबाबदार.

९ सप्टेंबर २००५ ला हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. लेकीला लेकाइतका हक्क मिळाला आणि तितकीच जबाबदारीही. त्याच कलम ६ मध्ये, फारसं कोणी न वाचलेलं एक पोटकलम आहे. या दुरुस्तीनंतर काढलेल्या कर्जासाठी, केवळ पितृऋणाच्या धार्मिक कर्तव्यावर बोट ठेवून मुलगा, नातू, पणतू यांच्यामागे लागण्याचा हक्क कोर्ट मानणार नाही. गहाणाचा बोजा जमिनीबरोबर चालत राहतो, हाती आलेल्या मिळकतीतून देणंही राहतं. पण बाकीचं ऋण अंगावरून उतरलं.

ते परत अंगावर चढतं दोन कागदांनी. एक जामिनकीचा: बापाच्या कर्जाला लेक जामीन राहिला असेल, तर तो वारस म्हणून नव्हे, जामीन म्हणून पूर्ण रकमेला बांधलेला असतो. दुसरा कागद मला जास्त सलतो. मार्चअखेर आली की गावात ‘नवं-जुनं’ करण्याची धांदल उडते. जुनं पीककर्ज भरल्याचं दाखवून त्याच आकड्याचं नवं उचलायचं. मयताच्या खात्याचं असं नवं-जुनं करताना नवा कागद वारसाच्या नावाने होतो. आकडा तोच, पण सही केली की कर्ज बापाचं राहत नाही.

शेतकरी आत्महत्यांमुळे आलेल्या २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत उंद्रीचा बुलढाणा होता. कर्जापायी जीव दिलेल्यांच्या घरी ही सही बहुतेकदा विधवा करते. नवऱ्याच्या मागे किती वावर आलं आणि आपण किती देणं लागतो, हे तिला त्या टेबलाशी कोणी सांगत नाही. आकडा भरलेला असतो, खुणेची फुली मारलेली असते, शाईचं पॅड उघडं असतं.